पडद्यावरची येळवस

"सगळ्यांचे कॅमेरे शेवटपर्यंत चालू दिसले पाहिजेत," राजशेखर सर फोनवर म्हणाले. "मागच्या ऑनलाइन पार्टीत दहा मिनिटांत निम्मे पळाले. ही पार्टी जमली, तर तुमची नोकरी पक्की करा म्हणायला मला तोंड राहील. नाही तर तीन महिने भरले की अवघड आहे, शिवकन्या."

"येळवस करते मी सर. बघा तुम्ही, पंगतीतनं कुणी उठणार न्हाई."

"बघू. मी येत नाही. साहेब समोर असला की लोक हसत नाहीत. दुपारी एकला. मीटिंगचा नंबर लिहून घ्या."

शिवकन्याचे हात बेसनात होते. तशाच बोटांनी तिनं कॅलेंडरच्या कोपऱ्यात नंबर टिपला.

विम्याचे अर्ज तपासायच्या ह्या कामाला लागून तिला पंधरवडाच झाला होता. टीममधला जो तो आपापल्या गावी, आपापल्या घरी. सगळं काम लिहून, निरोपानिरोपी. आठ जणांची नावं तिला पाठ होती, चेहरा एकाचाही ठाऊक नव्हता.

नांदेडातली तिची ही पहिली येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, घरादारानं रानात जाऊन जेवायचा सण. तिकडं माहेरी चाकूरला आज घरोघर कुलपं लागली असतील. कडब्याची खोप, खोपीत मांडलेले दगडांचे पाच पांडव, शेंगा-पालेभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, डेऱ्यातली गार आंबील. आणि इथं दुसऱ्या मजल्याखाली भाजीवाला रोजच्यासारखा ओरडत होता, जणू अमावास्या ह्या गावावरून गेलीच नाही. नवरा, वैजनाथ, पहाटेच अर्धापूरला केळीच्या गाड्या भरायला गेला होता. "तुमच्या येळवशीची आंबील मला ठेव घोटभर," एवढं म्हणून.

तिनं टीमला निरोप धाडला होता: घरात असेल ते ताटात घेऊन बसा. घरच्या म्हाताऱ्या माणसांनाही बसवा.

एक वाजता तिनं कॅलेंडरवरचा बेसनानं माखलेला नंबर बघून लॅपटॉपवर टाकला. पडद्यावर सात चौकटी उघडल्या. एकीवरही माणसाचं नाव नाही, नुसती मोबाईलची नावं. ही मंडळी आळशीच, तिला वाटलं. आठवा कोण, ते दिसेल मागून. एका चौकटीत तर खरंखुरं रान होतं. उभी ज्वारी, खोप, आणि खोपीपुढं मांडी घालून बसलेली नऊवारीतली म्हातारी. कुणाची तरी आजी.

"रामराम मंडळी! मी शिवकन्या. आज पंगत माझ्या हातात. नियम दोनच. कामाचं नाव काढायचं न्हाई. हुद्दा न्हाई, ऑफिस न्हाई. काढील त्यानं गाणं म्हणायचं. आणि मधी कुणाचा फोन आला तर घ्यायचा न्हाई."

सगळ्यांनी पडद्याजवळ तोंडं आणून तिला न्याहाळलं. मग एक मिशीवाला गडी मोठ्यानं हसला.

"बेस हाय! दरसाल नुसता गलका असतो आमचा. कुणी तरी शिस्त लावायलाच पाहिजे होती. चालू द्या बाई."

"तर मग येळवशीतली एक-एक फजिती सांगायची. सुरुवात तुमच्यापासनं."

"दादा, डेऱ्याचं सांगा," दुसऱ्या चौकटीतली बाई ओरडली.

"तू गप गं! तू तर तवा बांधावर झोपली होतीस."

"मला समदं ऐकू आलतं."

मग दादांनी सांगितलं. डोक्यावर आंबिलीचा डेरा, पुढं विहिरीची वाट, आणि मागनं धावत आलेलं वासरू. डेरा फुटला, आंबील अंगभर, आणि रानातली सगळी कुत्री मैलभर त्यांच्या पाठीशी.

"तवापासनं वासरू दिसलं की ह्यांचा हात डोक्याला जातो," त्यांच्या शेजारची बाई म्हणाली. सातही चौकटी हसून हसून हलल्या.

शिवकन्याला नवल वाटलं. कोण म्हणतं ह्यांचं एकमेकांत जमत नाही? एकमेकांची उणीदुणी अशी तोंडपाठ असणारी टीम तिनं ऐकलीही नव्हती. गादीवर तिचा फोन गुरगुरला. नियम म्हणजे नियम. तिनं वर उशी ठेवली.

"आता ओवी," ती म्हणाली, आणि स्वतःच सुरू झाली:

*येळवशीच्या गं दिशी, ओस पडली आळी*
*माझ्या बंधवाच्या रानी, माणसांची दिवाळी.*

रानातल्या म्हातारीनं मान डोलावली, पदर सावरला आणि बारीक, पण सुरेल आवाजात जोड दिली:

*लेक दिली दूरदेशी, वाट गोदाकाठची*
*कुणी पोचवा गं तिला, वाटी आंबिलीची.*

शिवकन्याला पुढचं दिसेना. गोदाकाठी बसलेल्या तिला ती वाटी थेट पोचली होती. "आजी, लई गोड," ती कशीबशी म्हणाली.

"रडू नगं. आधी जेव. उंडा कुस्कर, त्याच्यावर भज्जी घे."

मग सगळे जेवले. कुणी कुणाचं ताट वाकून बघितलं, कुणी मीठ कमी म्हणून बायकोला चिडवलं, कुणी कॅमेऱ्याला घास दाखवून शेवटी स्वतःच खाल्ला. उशीखाली फोन थांबून थांबून गुरगुरत राहिला. दोन वाजून गेले, सव्वादोन झाले, तरी सातच्या सात चौकटी उजळलेल्या. आता नोकरी कुठं जात नाही. पण त्याहून मोठं काही तरी शिवकन्याच्या छातीत भरून आलं होतं. ह्या गावात आल्यापासून पहिल्यांदाच ती आपल्या माणसांत जेवली होती.

"मंडळी," ती म्हणाली, "उद्यापासनं पुन्हा काम हायच. पण आजचा दिस मी जन्मात इसरायची न्हाई."

सगळे रानातल्या चौकटीकडं बघत होते. म्हातारीनं हात धुतले, पदराला पुसले आणि तोंड कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणलं.

"जेवलीस का गं पोटभर?"

"हाव आजी. गळ्यापर्यंत."

"मग आता इचारते, लेकरा. येळवशीला रानात आलेल्याला उपाशीपोटी इचारू न्हाई, म्हणून थांबले व्हते. ह्या समद्या चौकटींत माझीच लेकरं हायत, माझ्या सुना, माझे जावई. तू कुणाची गं?"