नंदाशिवायचं लग्न

"तिला काढून टाका," सगुणाबाई म्हणाल्या. "पुऱ्या कॅसेटमधून. माझा लेक तेवढा ऱ्हाऊ द्या."

केशवने टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर धर्मराज आणि नंदा बोहल्यावर उभे होते. सव्वा वर्षापूर्वी तीर्थपुरीला जाऊन हे शूटिंग त्यानेच केलं होतं आणि जालन्यातल्या याच खोलीत बसून कापून-जोडून कॅसेट तयार केली होती. लग्नानंतर सात महिन्यांनी धर्मराजची जीप ट्रकवर आदळली. तो जागीच गेला.

"मावशी, लग्नाची कॅसेट आहे. नवरीशिवाय काय उरेल?"

"उरंल ते उरंल."

"पण का?"

"ते नका इचारू. फोटो म्या चुलीत घातले. कॅसेट घालवंना. त्याचं हासणं-बोलणं ह्याच्यातच हाय."

"आणि नंदा कुठे असते आता?"

"वाटूरला, बापाकडं. मीच धाडून दिली."

केशवला सगळं कळल्यासारखं वाटलं. त्याची थोरली बहीण रजनी विधवा झाली तेव्हा सासरच्यांनी तिला तेराव्यानंतर असंच माहेरी आणून सोडलं होतं. नवऱ्याचा एक तरी फोटो द्या, म्हणून तिने तीनदा निरोप धाडला. फोटो आला नाही. आता त्यांचा चेहरा नीट आठवत नाही रे, असं ती एकदाच बोलली होती, मेथी निवडताना, मान वर न करता.

काम घ्यायचं नाही असं त्याच्या मनात आलं होतं. पण समोरची बाई मुलगा गमावून बसलेली. त्याला नाही म्हणवेना.

तीन दिवस लागले. एका व्हीसीआरवर मूळ कॅसेट, दुसऱ्यावर कोरी, मध्ये चित्रं जोडणारा व्हिडिओ मिक्सर. नंदा दिसली की थांबायचं, ती गेली की पुढे घ्यायचं. हळद निम्म्याहून जास्त गेली. सप्तपदी सगळीच गेली. जिथे दोघं शेजारी बसलेली आणि कापायला जागाच नाही, तिथे त्याने मिक्सरवर अर्धा पडदा गुलाबाच्या चित्राने झाकला. अडीच तासांचं लग्न पस्तीस मिनिटांवर आलं. त्यात घोडा होता, पंगती होत्या, बँड होता आणि एकटाच हसणारा नवरदेव होता.

सगुणाबाई मांडी घालून बघत बसल्या. धर्मराज घास भरवायला हात पुढे करतो आणि हात गुलाबात शिरतो, तिथे त्या म्हणाल्या, "परत दाखवा."

केशवने परत दाखवलं.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. डोळ्यांत टिपूस नव्हतं. "आता ती मूळची कॅसेट बी पुसून टाका. तुमच्यापाशी बी नको."

"पुसतो."

"बिलकुल काही ठेवू नका." उठता उठता त्या दारात थांबल्या. "आन् वैशाखात आमच्याकडं लग्न हाय. राजूरला, गणपतीच्या देवळात. मोजकीच माणसं. शूटिंगला तुम्हीच या. तुमचा हात चांगला हाय."

धाकट्या मुलाचं असणार; थोरल्याचं वर्षश्राद्धही झालं नाही आणि धाकट्याचा बार उडवायला निघाली, केशवच्या मनात आलं. त्याने कॅलेंडरवर खूण केली.

मूळ कॅसेट त्याने पुसली नाही. ती काही दिवस कपाटात पडून राहिली. पाडव्याला रजनी जेवायला आली तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं.

"त्या पोरीला देऊन टाक," रजनी म्हणाली. "तिची आहे ती."

दुसऱ्याच दिवशी केशवने प्लास्टिकची नवी डबी काढली. त्यावर ठळक, वळणदार अक्षरांत लिहिलं: 'चि. धर्मराज आणि चि. सौ. कां. नंदा, शुभविवाह, तीर्थपुरी.' मंठ्याच्या गाडीवरचा कंडक्टर ओळखीचा होता. वाटूरला रामरावांच्या घरी तेवढी पोचवा, त्यांच्या लेकीची, नंदाची आहे, असं सांगून त्याने कॅसेट त्याच्या हवाली केली. गाडी स्टँडाबाहेर पडेपर्यंत तो उभा राहिला. बहिणीसाठी आपल्याला जे करता आलं नाही ते कुणासाठी तरी झालं, असं वाटून त्याला खूप दिवसांनी हलकं वाटलं.

आठवड्याने सगुणाबाई परत आल्या. पंधरा दिवसांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसत होत्या. केशवने स्टूल पुढे केलं. त्या खालीच बसल्या.

"वैशाखातलं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "येऊ नका. लग्न मोडलं."

"धाकट्याचं?"

"मला कुठला धाकटा? धर्मराज एकुलता एक व्हता."

"मग लग्न कुणाचं होतं?"

"नंदाचं." सगुणाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "बावीस वर्साची पोर. जल्म कसा काढंल, म्हणून मीच स्थळ पाह्यलं. नवऱ्या पोराला समदं ठावं व्हतं, पर नंदाचं पैलं लगीन झालंय हे त्याच्या मायला तेवढं सांगितलं न्हवतं. म्या नंदाची आत्या बनून उभी ऱ्हाणार व्हते. सुपारी फोडायला सोयरे वाटूरला बसले, अन् एष्टीच्या कंडक्टरनं कॅसेट आणून त्या मायच्याच हातात दिली. डबीवर दोघांचीबी नावं. ती तशीच उठून गेली. नंदा तवापासून जेवली न्हाई." त्या जमिनीला हात टेकून उठल्या. "कुणी धाडली, काय की. तुम्ही तर पुसून टाकली व्हती."