पाठ असलेली चाल

शिक्षकाशिवाय वाजवायला शिकायचं, तर पहिली चाल कुठली घ्यावी हे आता कीबोर्डच ठरवायचा. त्याच्यासोबतची टिकली कानामागे चिकटवली की आठवणी चाळून तो सर्वांत पक्की पाठ असलेली चाल काढायचा.

"माझी आरतीच निघेल, बघा," सत्तरीच्या इंदुमतीबाई नवऱ्याला म्हणाल्या.

पट्ट्या उजळल्या, सूर वाजू लागले. मनोहरपंतांनी पेपर खाली ठेवला.

"ही आमच्या थोरल्या बहिणीची, अक्काची चाल. वाती वळताना गुणगुणायची."

इंदुमतीबाईंनी घाईने टिकली उपटली, पण चाल वाजतच राहिली.

"डोकं उठतं म्हणून तूच तिचं गाणं बंद केलंस. मरेपर्यंत पुन्हा गायली नाही बिचारी. मग तुला कशी पाठ?"

"त्याआधी दाराआड उभी राहून ऐकायचे मी," त्या मान खाली घालून म्हणाल्या. "मला कुठं तसं गाता येत होतं?"