कप्तान गेला

प्रफुल्ल सातपूरला फिटर. अंतराळाच्या त्या सिनेमांवर तो कॉलेजपासून वैतागलेला. "कप्तान दर भागात मरतो, पुढच्यात उठून बसतो. आपल्याला काय येडं समजतात?" असं बडबडतच तो प्रत्येक भागाचं पहिल्या दिवसाचं तिकीट काढायचा. या खेपेला मात्र कप्तान यानासकट सूर्यात कोसळला. हाडसुद्धा उरलं नाही.

घरी आल्यावर प्रफुल्ल उंबऱ्याबाहेरच थांबला. "अंजली, पाणी दे गं. पाय धुऊनच आत येतो."

बायको घाबरली. "अगंबाई! कोण गेलं?"

"कप्तान."

तिनं हसू दाबत तांब्या पुढे केला. "नुसते पायच धुवा. पुढच्या भागात उठतोच तो."

पायावर पाणी घेता घेता प्रफुल्ल थबकला.

"उठेल ना गं?"