तोंडावर बोलणारी

तीन दिवस झाले, सालेहा आली नव्हती. चौथ्या दिवशी दुपारी कमलम्मानं चपला घातल्या आणि ती माफी मागायला निघाली. आयुष्यात पहिल्यांदाच.

कमलम्मा उदगीरच्या एका शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. खरं ते तोंडावर बोलायचं, कुणाला झोंबलं तर झोंबू दे, हा तिचा बाणा. त्यापायी शाळेतल्या मैत्रिणी तुटल्या, भिशीतल्या बायका तुटल्या. सख्खी बहीण शिवकांता लातुरात असून फोन करत नव्हती.

"खोटी माणसं गळाली, बरं झालं," कमलम्मा म्हणायची.

उरली एकटी सालेहा. मागच्या मोहल्ल्यात ब्लाऊज शिवणारी, मवाळ, कमी बोलणारी. हातशिलाईचं काम घेऊन रोज दुपारी यायची. कमलम्मा बोलत सुटायची आणि सालेहा तिच्या तोंडाकडं टक लावून बघायची. मधूनच हसून "हाव अक्का" म्हणायची. इतकं मन लावून कमलम्माचं कुणी ऐकलंच नव्हतं.

त्या शेवटच्या दुपारी मात्र तिची जीभ घसरली. "तुझी पोरगी नवऱ्याला सोडून माहेरी बसली, ती तुझ्याच लाडानं."

सालेहा मान खाली घालून टाके घालत राहिली. काम संपल्यावर कापडाची घडी करून निघून गेली.

कमलम्मा पोचली तेव्हा सालेहाच्या दारात बऱ्याच चपला होत्या. आत तिची मुलगी अर्शिया भिंतीला टेकून बसली होती. डोळे सुजलेले.

"मावशी, आता आलात? अम्मी गेली. मंगळवारी तुमच्याकडून परत येताना जीपनं उडवलं."

साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. कमलम्माला कुणी सांगितलं नव्हतं.

कमलम्मा तिच्याजवळ जाऊन बसली. "त्या दिवशी मी तिला लई लागेल असं बोलले गं, तुझ्यावरून. तेच डोक्यात घेऊन चालली असेल. जीपकडं ध्यान न्हाई राहिलं तिचं."

अर्शियानं तिचा हात धरला. "न्हाई मावशी, तसं मनात आणू नका. अम्मीला दोन वर्षांपासून ऐकूच येत नव्हतं. ओठ बघून काय थोडं समजायचं तेवढंच."

"अगं, पण माझ्या तोंडाकडं बघून 'हाव अक्का' म्हणायची की ती," कमलम्मा म्हणाली.

"लाजायची ती. आम्हाला घरात सहा महिने कळू दिलं न्हाई," अर्शिया म्हणाली. "पण तुमच्याकडं आली त्या पहिल्याच दिवशी तुम्हाला तर तिनं सांगितलं होतं ना?"