दिगंबरची झोप

“काल रात्रीही डोळ्याला डोळा लागला नाही,” दिगंबरने सकाळच्या चहाबरोबर जाहीर केलं.

सरलाने पोळपाट आपटला. “अहो, काशाच्या वाटीने तळपाय चोळून दिले. दुधात जायफळ उगाळून दिलं. आता आणखी काय करू?”

“तुझ्यातली एक गोळी दे.”

“मुळीच नाही! एकदा सवय लागली की सुटत नाही ती.”

बोलल्यावर तिला स्वतःचंच आठवलं. नागपूरला त्यांचा मुलगा माधव विषमज्वराने गेला, तेव्हा डॉक्टरांनी तिला झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. मग दिगंबरची कलकत्त्याला बदली झाली. इथे एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. बंद कर म्हटलं की ती भांडायची, रडायची. आणि आता याची झोप उडाली होती! निदान याला तरी त्या वाटेने जाऊ द्यायचं नाही, असं तिने ठरवलं.

पण नखरे किती! बराकपूरच्या कचेरीतून आला की बागबाजारच्या घाटावर फिरून या म्हणावं, तर एकटा जाणार नाही. दूध एकट्याच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून अर्धं तिने प्यायचं. अंथरुणावर पडून श्वास मोजायचे, तेही तिनेच, मोठ्याने. मोजता मोजता सकाळ कधी व्हायची ते तिला कळायचंही नाही आणि चहाबरोबर पुन्हा तेच रडगाणं.

दुर्गापूजा झाली, थंडी पडली, तरी काडीचा फरक नाही. शेवटी ती त्याला ओढतच तिला गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टर लाहिडींकडे घेऊन गेली.

“यांना काहीतरी द्या हो,” ती मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली. “मी हात टेकले.”

डॉक्टरांनी तिचीच नाडी धरली.

“माझी कशाला? यांची बघा!”

“तुमच्या गोळ्या चालू आहेत?”

“त्या घ्यायला सवड कुठे आहे? या माणसामागे धावता धावता आधी एखादी राहून जायची. आता आठवणसुद्धा येत नाही.”

“कधीपासून?”

सरला सांगायला गेली. तिला सांगता येईना.

डॉक्टर दिगंबरकडे वळले. “दिगंबरबाबू, आता सांगायला हरकत नाही.”

दिगंबर ओशाळला. “सरला,” तो म्हणाला, “मला पडल्या पडल्या झोप लागते. पहिल्यापासून.”