घरघर
कॉम्प्युटर तपासायच्या जुन्यापुराण्या सॉफ्टवेअरची ती फ्लॉपी मेकॅनिकच्या दुकानात ‘आजीबाई’ म्हणून ओळखली जायची. यंत्रांची उणीदुणी तिच्याइतकी कुणालाच काढता येत नसत. आज मात्र आजीबाईलाही काही खोट सापडेना. कॉम्प्युटर पुन्हा दुकानात घेऊन आलेल्या काकूंना मेकॅनिक म्हणाला, “काकू, तुमचा कॉम्प्युटर ठणठणीत आहे. मी पंखा बदलल्यापासून तर आवाजसुद्धा करत नाही.” “तेच तर बिघडलंय,” काकू पुटपुटल्या. “हे संध्याकाळी त्यावर लिहीत बसायचे, तेव्हा स्वयंपाकघरात मला घरघर ऐकू यायची. हे गेल्यावरही मी रोज तो चालू ठेवायचे. आता घर खायला उठतं.” मेकॅनिक ओशाळला. त्याने भंगाराच्या खोक्यातून जुना पंखा हुडकला, पुसून पुन्हा बसवला. कॉम्प्युटर घरघरला. काकूंनी डोळे मिटले. तेवढ्यात आजीबाईने स्क्रीनवर तांबडी ओळ उमटवली: पंख्यात बिघाड. मेकॅनिकने आयुष्यात पहिल्यांदाच तिचं ऐकलं नाही. “आता झाला बघा ठणठणीत,” तो म्हणाला.