काटा शून्यावर

मानवजातीचं दुःख सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी संपलं. निदान काकांच्या फोनवर तरी तसं लिहून आलं होतं. ‘अभिनंदन! तुमचं नैराश्य शून्य. यापुढे समुपदेशनाची गरज नाही. शुक्रवारची भेट रद्द.’ मजकुरावरून रंगीत फुगे उडत होते.

काका अकरा दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि ताडकन उठून बसले.

बत्तीस वर्षं त्यांनी कारखान्याचा बॉयलर सांभाळला होता. निवृत्त झाले आणि मनच बसलं. दवाखान्याने महिन्याला समुपदेशनाची एक भेट दिली, मधल्या दिवसांसाठी फोनवर एक प्रोग्राम दिला. रोज सकाळी नऊ प्रश्न. झोप लागते का, भूक लागते का, जगणं नकोसं वाटतं का. जितका त्रास तितके गुण. काकांनी इमानेइतबारे उत्तरं दिली. गुण वाढत गेले. अभ्यासात असे कधी वाढले नव्हते. मग एक दिवस बोट उचलणंही जड झालं. प्रश्न येत राहिले, उत्तरं कोरी राहिली.

“अहो, कुठे निघालात?” बायकोने विचारलं.

“भांडायला.”

अकरा दिवस ती त्यांना उठवायला हातापाया पडत होती. तिने लगेच दार उघडून दिलं. काकांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती, तरी तिने अडवलं नाही.

दवाखान्यात समुपदेशक बाईंच्या टेबलावर अर्धा प्यालेला चहा होता आणि त्यावर साय धरली होती.

“काका, बसा ना.”

“बसायला नाही आलो! मी बरा झालो असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

बाईंनी स्क्रीनवर पाहिलं. “गुण शून्य आहेत तुमचे.”

“उत्तरंच दिली नाहीत, तर गुण येणार कुठून? आभाळातून पडणार?”

“ओरडू नका. दोनशे जण आहेत माझ्याकडे. लाल नावं वर येतात, त्यांना मी बघते. शून्यवाले हिरवे होऊन खाली जातात. त्यांना बघायचं नाही असा वरून हुकूम आहे.”

काकांनी टेबलावर मूठ आपटली. “मॅडम, चालू बॉयलरचा वाफेच्या दाबाचा काटा अचानक शून्यावर आला, तर आम्ही टाळ्या नव्हतो पिटत. काटा मेला म्हणून जिवाच्या आकांताने धावत सुटायचो!”

 बाईंनी स्क्रीनवरची यादी खाली ओढायला सुरुवात केली. लाल गेलं, पिवळं गेलं, हिरवं आलं. त्या एकेक नाव उघडून बघू लागल्या. काका वाट बघत उभे होते; राग अजून बराच शिल्लक होता, त्यातला निम्मा तर वापरलाच नव्हता.

“तुम्हाला सोडून चौतीस,” बाई हळूच म्हणाल्या. “सगळ्यांची उत्तरं कोरी.”

खोलीबाहेरचा बाक रिकामा होता. चौतिसांपैकी भांडायला कुणीच आलेलं नव्हतं.

बाईंनी स्क्रीन काकांकडे वळवली आणि फोन उचलला.

“मी लावते. तुम्ही तेवढे नंबर वाचून सांगता का? अक्षर फार बारीक आहे.”